उभ्या गाडीची भूक

जुन्या वस्तूंविषयी लिहू लागले की लेखणी आपोआप स्मरणरंजनाकडे कलते. वस्तू बाजूला राहते आणि लिहिणाऱ्याचे बालपण पुढे येऊन बसते. आपल्या ललित गद्याची ही खोड जुनी आहे. म्हणून प्रारंभीच सांगायला हवे, की जिच्याविषयी येथे लिहीत आहोत ती वस्तू आठवणींच्या खात्यात अद्याप जमा झालेली नाही. मेहरूणमधील आमच्या घराच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली ती उभी आहे. तिची नोंदणी चालू आहे, विमा भरलेला आहे आणि तिच्यासंबंधीचा आमचा प्रश्न अगदी रोकडा आहे. दोन-तीन महिने एका जागी उभी राहिलेली ही गाडी सुरू कशी करावी?

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाडी मात्र आमची नव्हे, नानांची. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. १९८६ मध्ये त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली. तेव्हा मेहरूण जळगावला लागून असले तरी मनाने वेगळे गाव होते. तलावाच्या अलीकडे बोरांच्या बागा होत्या आणि हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांच्या टोपल्या शहरभर फिरत. आता त्या बागांच्या जागी कॉलन्या आहेत. आमचे घरही त्यांतलेच एक.

पद्मिनीला खानदेशात पद्मिनी म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. ती ‘फियाट’च. नावामागे इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि तीच पुढे सत्तरच्या दशकात आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर चितोडच्या राणीच्या नावाने ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि कोणत्याही मिस्त्रीला उघडून पाहता येईल असा सरळ स्वभाव. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे पर्व मिटले. वर्तमानपत्रांनी तेव्हा मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. नानांनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. “टॅक्सी गेली, गाडी आहे,” एवढेच म्हणाले.

परंतु गाडी असणे आणि गाडी चालणे यांत अंतर पडत गेले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नानांनी गाडी चालवणे सोडले. आम्ही दुचाकीवरून महाविद्यालयात जातो. गाडी शेडमध्ये आठवडाभर उभी राही, मग महिनाभर, मग परीक्षांच्या आणि पेपर तपासण्याच्या दिवसांत दोन-दोन महिने. इतक्या दिवसांनी किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिन घरघरते, पण पेट घेत नाही. पाच वेळा, सात वेळा, दहा वेळा. घरघर हळूहळू जड होते, सुस्त होते आणि शेवटी एक ‘टक्’ असा आवाज येऊन सारे शांत होते. बॅटरी उतरलेली असते. अशा गाडीला घरातले लोक फार लवकर ‘संपली’ म्हणतात. आमच्याही घरी भंगाराचा भाव काढून झाला होता.

या निदानाला प्रथम हरकत घेतली ती आमच्या भागातील एका वृद्ध मिस्त्रींनी. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी एअर क्लीनर काढला, कार्बोरेटरच्या तोंडात विजेरीचा उजेड पाडला, ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढून पाहिली आणि म्हणाले, “सर, गाडी आजारी नाही, उपाशी आहे.”

हे वाक्य अलंकारिक वाटते, पण शब्दशः खरे आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. तिच्यातील फ्लोट वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलची वाट उघडते, मिटते. इंजिनाला पहिला घास मिळतो तो या वाटीतून. ही वाटी हवेला उघडी असते. पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि त्यांतील हलके घटक साधारण ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. मे महिन्यात जळगावच्या सावलीतही पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याखाली उभ्या गाडीची वाटी थोड्याच दिवसांत कोरडी पडते. शिवाय पंपाच्या झडपा जुन्या असल्या की नळीतले पेट्रोलही ओघळून मागच्या टाकीकडे परत जाते. आता टाकी मागे, इंजिन पुढे, आणि मधली वाट रिकामी. पेट्रोल ओढून आणणारा पंप यांत्रिक आहे. इंजिनाच्या कॅमशाफ्टने त्याचा दांडा हलवला तरच त्याचा पडदा हलतो. म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येत नाही आणि पेट्रोल आल्याशिवाय इंजिन फिरत नाही. या दुष्टचक्रातून बाहेर काढण्याचे सारे काम एकट्या बॅटरीवर पडते.

आणि बॅटरी तर स्वतःच थकलेली असते. काहीही न करता नुसती उभी राहिली तरी बॅटरी झिजत जाते, आणि उन्हाळ्यात ही झीज कितीतरी वाढते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, तो १२.४ च्या खाली रेंगाळत राहिला तर आतल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर धरू लागतो. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की सेल्फ फिरवणारी आणि प्लगला ठिणगी देणारी बॅटरी एकच. सेल्फ जसजसा दमवतो तसतशी कॉइलला मिळणारी वीज कमी होते आणि ठिणगी मंदावते. अखेर वाटीत पेट्रोल येऊन पोचते त्या क्षणीच ते पेटवण्याचे बळ उरलेले नसते.

नानांना हे सारे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्यांचा उपाय एका जुन्या ड्रॉपरच्या बाटलीत होता. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन, वाळवून ते तीत ताजे पेट्रोल घेत. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात मोजके थेंब सोडत, चोक ओढत आणि आम्हांला म्हणत, “मार सेल्फ.” इंजिन त्या थेंबांवर दोन-चार सेकंद धडधडे, तेवढ्यात यांत्रिक पंप जागा होऊन मागून पेट्रोल ओढून आणी. बॅटरीचा एक तार त्यांनी आधीच सोडून ठेवलेला असे. गाडी फार दिवस उभी असेल तर ते प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडत आणि आधी तसेच सेल्फवर फिरवून घेत. कारण उभ्या इंजिनाच्या भिंतींवरून ऑइल ओघळून गेलेले असते आणि कोरड्या भिंतीवर पिस्टन घासणे बरे नव्हे. हे सारे एका वहीत लिहिलेले आहे: तारीख, किलोमीटर, प्लगची फट, पॉइंट घासल्याची नोंद. अक्षर सुबक, शेरा एकही नाही. गद्य कसे लिहावे हे विद्यार्थ्यांना दाखवायचे झाले तर ती वही दाखवावी असे आम्हांला अनेकदा वाटले आहे.

पण नानांचा हात आता कापतो. कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर कापता हात, त्या हातात पेट्रोल, आणि इंजिनाने उलटा भडका घेतला तर ज्वाला याच तोंडातून बाहेर येते. आम्ही ते काम आपल्याकडे घेऊ म्हटले तर नाना बाटली सोडत नसत. घरात या एका गोष्टीवरून जो अबोला सुरू झाला तो गाडीपेक्षा मोठा होता. गाडी बंद करा म्हणणे म्हणजे नानांना काय म्हणणे, हे आम्हांला कळत होते. आणि चालू ठेवा म्हणणे म्हणजे कशाला मान्यता देणे, हेही कळत होते.

चाचांनी मधला मार्ग सुचवला. टाकीजवळ पेट्रोलच्या नळीत विजेवर चालणारा छोटा पंप बसवायचा. किल्ली फिरवण्याआधी दहा-पंधरा सेकंद बटण दाबून धरायचे. वाटी भरते, मग सेल्फ. मूळ यांत्रिक पंप जागच्या जागी राहतो आणि गाडी चालू झाल्यावर तोच काम करतो. काही जुन्या यांत्रिक पंपांना हाताने हलवायची कांडी असते व तिनेही वाटी भरता येते. आमच्या गाडीचा पंप मध्यंतरी कधीतरी बदललेला असल्याने त्याला ती नाही.

नानांनी ठाम नकार दिला. “बटण दाबून पेट्रोल आणायचे तर दुसरी गाडीच घेतली असती.”

हा नकार आम्हांला हसण्यावारी नेता आला नाही, याचे कारण आमच्या व्यवसायात आहे. मूळ पाठ आणि वाचकाची सोय यांतला तंटा आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या हातांनी त्या ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथांनी ते दूर केले आणि ग्रंथ पुन्हा लोकांच्या मुखी आणला. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून मानलेली एक पोथी मिळवली, १९०९ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. त्यांना सोय नको होती, मूळ हवे होते. याच राजवाड्यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. खानदेशातील आमच्यासारख्यांना ते तीर्थासारखे आहे. वर्गात आम्ही दोन्ही बाजू मांडतो आणि तास संपतो. शेडमध्ये तास संपत नव्हता.

शासनाचाही या वादात एक शब्द होता. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळू शकते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. आमच्या गाडीला २०२८ मध्ये पन्नास वर्षे होतील. ‘मूळ स्वरूप’ हा शब्द नियमात वाचला आणि आम्हांला पाठचिकित्सेच्या तासाला बसल्यासारखे वाटले. गेल्या चार दशकांत या गाडीचा पंप बदलला आहे, कॉइल बदलली आहे, रंग दोनदा दिला आहे. मग मूळ म्हणजे काय उरले?

विचार करता करता जो निकष हाती आला तो नाथांच्या कामातूनच आला. त्यांनी ग्रंथ निर्मळ केला, परंतु त्यात स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. संहितेत शिरतो तो प्रक्षेप. संहितेबाहेर राहून वाट दाखवते ती टीप. यांत्रिक पंप काढून त्या जागी विजेचा बसवला असता तर तो प्रक्षेप. मूळ पंप ठेवून, एकही नवे भोक न पाडता, दोन क्लिपांवर नळीत बसवलेला आणि उद्या काढून टाकला तर मागे खूण न ठेवणारा पंप ही टीप आहे. ज्ञानेश्वरीच्या सार्थ आवृत्तीत ओवी वर आणि अर्थ खाली असतो. अर्थामुळे ओवीची जागा जात नाही.

मात्र टीपेचेही धोके असतात, हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार? जो विद्यार्थी केवळ मार्गदर्शक वाचतो त्याला मूळ ग्रंथ हरवल्याचेही कळत नाही. विजेचा पंप सतत चालू ठेवला तर यांत्रिक पंप मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. आणि त्याचा पडदा फाटलेला असेल तर परिस्थिती अधिकच वाईट. मागून जोराने आलेले पेट्रोल फाटक्या पडद्यातून थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून चाचांनी आधी ऑइलची काडी काढून हुंगून पाहिली, मग यांत्रिक पंपाचा पडदा नवा घातला. पंप निवडतानाही विवेक लागतो. या कार्बोरेटरला दर चौरस इंचाला दोन ते चार पौंड दाब पुरतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप चाळीस पौंडांच्या पुढे दाब देतात. तसला पंप लावला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल उतू जाईल, गाडी ‘ओव्हर’ होईल. विजेचा पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात पटाईत असतो, म्हणून त्याची जागा टाकीजवळ. आणि बटण दाबून धरण्याचे, बोट काढताच बंद होणारे. कारण अपघातात इंजिन थांबले तरी पेट्रोल ओतत राहणारा पंप कोणालाही नको.

पेट्रोलही आता ते राहिलेले नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले. नंतर इथेनॉल आले. त्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांतला एक आमच्या शेजारच्या मनमाडला. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. फार दिवस उभ्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि पंप ओढतो तो तळातूनच. जुन्या रबराच्या नळ्या व पडदे त्याने फुगतात, चिरतात. नुसते पेट्रोलही शिळे होते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटवायला उपयोगी पडतात ते नेमके तेच. मागे उरते ते जड, आणि त्याचा चिकट थर जेटच्या बारीक छिद्रांत बसतो. म्हणून आता नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आहेत, आणि गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवत नाही.

ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’ हा १९५८ चा चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून तो केलेला आहे. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची जगद्दल नावाची खिळखिळी शेव्हरले. तो तिच्याशी बोलतो, रुसतो, तिच्यावर सारे उधळतो, आणि शेवटी ती भंगारात जाते. वर्गात दरवेळी कोणीतरी म्हणते की बिमल वेडा आहे, आणि कोणीतरी म्हणते की तोच एक शहाणा आहे. नाना या दोहोंत बसत नाहीत. त्यांनी गाडीला कधी नाव ठेवले नाही, तिच्याशी ते कधी बोलले नाहीत. ते तिचे ऐकतात. सेल्फच्या घरघरीवरून बॅटरीत किती उरले आहे ते सांगतात. इंजिनाच्या आवाजावरून चोक कधी आत ढकलावा ते सांगतात. बिमलला गाडीत माणूस दिसतो. नानांना गाडीत गाडीच ऐकू येते, आणि आम्हांला हे अधिक अवघड प्रेम वाटते.

पंपाला नानांनी अखेर होकार दिला तो आमच्या युक्तिवादामुळे नव्हे. एकनाथ आणि राजवाडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग चाचांना एकच विचारले, “उद्या काढायचा म्हटला तर किती वेळ?” “पंधरा मिनिटे, नाना.” त्यावर त्यांनी मान हलवली. वहीत नोंद झाली: तारीख, पंप, दाब, आणि त्याखाली ‘काढता येतो’. त्या वहीतला आम्हांला सापडलेला हा एकमेव शेरा.

बटण दाबण्याचे काम नानांनी स्वतःकडे ठेवले आहे. बोट कापते, पण बटणाला त्याने फरक पडत नाही. ते डाव्या सीटवर बसतात, बटण धरतात आणि ऐकतात. रिकामी नळी असताना पंप कर्कश टकटकतो. वाटी भरत आली की त्याचा आवाज जड होतो, संथ होतो. तो बदल ऐकू आला की नाना बोट काढतात आणि “मार” म्हणतात. सेकंद मोजण्याची गरज त्यांना कधी पडली नाही. ड्रॉपरची बाटली गेली, पण कानाचे काम गेले नाही. आमची भीती नेमकी तीच होती.

आता दर पंधरवड्याला गाडी निघते. जागेवर पाच मिनिटे घुरघुरत ठेवून काही साधत नाही. बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. इंजिन पुरते तापेल इतके अंतर जावे लागते. म्हणून आम्ही आसोद्यापर्यंत जाऊन येतो. बहिणाबाईंचे ते माहेर. कधी सोबत एखादा विद्यार्थी असतो. मागच्या खेपेस त्यातल्या एकाने बटण कशाचे म्हणून विचारले. आम्ही सांगायला तोंड उघडणार तोच नानांनी हात वर केला आणि त्याला म्हणाले, “सांगणार नाही. ऐक आधी.”